झाकणावर एक थेंब

पोशेरा, ता. मोखाडा
११ ऑगस्ट २०२४

ती. दामूकाकांना जयवंतीचा सा. न.

काका, ओळखलंत का? पोशेऱ्याच्या तुळशीदासची जयू. जव्हारला वसतिगृहात होते तेव्हा दर रविवारी तुमच्याकडे जेवायला यायचे, आणि विद्युल्लताकाकू भात वाढताना म्हणायच्या, "बरगड्या मोजू का गं तुझ्या?" ती मी. काकू गेल्या तेव्हा येणं झालं नाही. त्याचं मनाला अजून लागतं.

आधी फोन केला होता. तुमच्या नातीनं, स्वरानं उचलला. म्हणाली, आजोबांना आता काहीच ऐकू येत नाही, घरात आम्ही पाटीवर लिहून बोलतो, तू पत्र टाक, पत्र ते दोनदा वाचतात. मग म्हटलं, लिहावंच.

कारण आईचं आहे. मी मोखाड्याच्या शाळेतून रजा काढून महिनाभर माहेरी आलेय. आई खात नाही. आजार म्हणावा तर डॉक्टरांना काही सापडत नाही, वय झालं म्हणतात. डोक्यात मागचं-पुढचं सगळं कालवलं गेलंय. रोहिदासदादानं घास पुढे केला की तोंड फिरवते. म्हणते, "मधुनं इचारलं का? मधु इचारल तवा जेवीन."

तुम्हाला कॅसेट आठवत असेल. तुमच्याच रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात भरली होती. मधुदादाला एका दिवसाची सुट्टी मिळाली, ठाण्याहून जव्हारपर्यंत आला, पुढची गाडी चुकली, आणि सकाळी परत कामावर हजर व्हायचं होतं. तेव्हा तुमच्या काउंटरमागे स्टुलावर बसून चार मिनिटं बोलला. "आई, मी मधु. जेवलीस का?" असं विचारून थांबायचा, तिला उत्तर द्यायला जागा ठेवायचा. त्यानंतर दोन महिन्यांत तो बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला. आई वर्षानुवर्षं त्या जागांमध्ये उत्तरं देत आली. "जेवले बाबा. तू?"

टेप गेली दहा वर्षं बंद आहे. पावसाळ्यात बियाणं आणि सुकी मासळी ठेवतो त्या चुलीवरच्या फळीवर आई टेपही ठेवायची. बियाणं धुरात टिकतं, तर मधु का नाही टिकणार, असा तिचा हिशोब. सगळा सेट काजळीनं माखलाय. घरकुल झाल्यावर पत्र्याच्या पेटीत गेला, तिथं कॅसेटला पांढरी बुरशी आली. आधी दुसऱ्या कॅसेटवर, मग मोबाईलमध्ये उतरवून घेऊ, घेऊ म्हणत आम्ही दोघांनी पंचवीस वर्षं घालवली.

तुमच्याकडे घेऊन आले असते. पण आई पेटी सोडत नाही. म्हणते, "एकदा घराबाहेर गेला तो गेला. आता नाय धाडायची." काका, एवढंच सांगा, कशानं पुसू?

तुमची,
जयू

*

जव्हार
१४ ऑगस्ट

चि. जयूस अनेक आशीर्वाद.

ओळखायला काय झालं? बरगड्या मोजून झाल्यावर तीन वेळा भात घेणारी दुसरी कोण होती? तुझी काकू तुझ्यासाठी वेगळं पातेलं चढवायची.

धोंडीबाईचं वाचून वाईट वाटलं. मधु त्या दिवशी बसला होता ते स्टूल अजून माझ्याकडे आहे. दुकान मात्र बंद केलं. कान गेलेल्या माणसाकडे रेडिओ कोण आणणार? आणि आता आणायला रेडिओ तरी कुणाकडे आहे? माझं खुब्याचं हाड मोडल्यापासून एसटीची पायरी चढवत नाही, नाहीतर हत्यारांची पिशवी घेऊन आलोच असतो. तेव्हा हे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. पण तू ऐकणारी आहेस.

पहिली गोष्ट, घाई नको. जुना सेट घाणीनं मरत नाही, साफ करणाऱ्याच्या उत्साहानं मरतो. माझ्याकडे निम्मे सेट असे यायचे की आधी घरच्या शहाण्यानं हात चालवलेला असायचा. कुणी रॉकेलनं पुसलेला, कुणी पेट्रोलनं, एका बाईनं तर अत्तर ओतलं होतं. पेट्रोल, थिनर, नखांचा रंग काढायचं पाणी, यातलं काहीही प्लास्टिकला लागलं की प्लास्टिक विरघळतं आणि रबर फुगतं. रॉकेलचा तेलकटपणा जात नाही. हाताला लावायचं सॅनिटायझर तर मुळीच नको, त्यात चिकट असतं आणि पाणी असतं.

आधी सेल काढ. आत बहुतेक फुटून हिरवे झाले असतील, हातमोजा घाल. मग कोरडा रंगाचा ब्रश घेऊन सैल काजळी झाड. बाहेरचा डबा साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं. पाणी आत जाता कामा नये. आतला हेड, म्हणजे कॅसेटला टेकतो तो चकचकीत ठोकळा, आणि त्याच्या शेजारचा रबरी रोलर, हे फक्त स्पिरिटनं. पण चांगल्या स्पिरिटनं, ज्यात पाणी जवळजवळ नसतं. आयसोप्रोपिल म्हणतात त्याला.

कॅसेट घालून लगेच बटण दाबशील तर माझ्याशी गाठ आहे. बुरशीची फीत हेडला चिकटते आणि तुटते. कॅसेटचं काय करायचं ते बुरशी कुठं किती आहे ते कळलं की सांगतो.

सेल नवीन घे. चालेल, मला खात्री आहे. जपानी मोटर आहे ती.

दामोदर

*

पोशेरा
१७ ऑगस्ट

ती. काकांना सा. न.

तुमचं पत्र हातात पडलं तेव्हा रोहिदासदादा पेट्रोलची बाटली घेऊनच उभा होता. मोटारसायकलमधून काढलं होतं. मी हिसकावून घेतली आणि तुमचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. 'घरच्या शहाण्यानं' इथं आल्यावर तो उठून गोठ्याकडे गेला. त्याला राग येतो काका, पण बोलत नाही. मधुदादाहून धाकटा असून सगळं घर त्यानं ओढलं, आणि आईच्या तोंडात नाव दुसऱ्याचंच.

सांगितलं तसं केलं. सेल फुटले होते. ब्रशनं इतकी काजळी निघाली की अंगणात काळा पट्टा पडला. बाहेरून पुसल्यावर खाली लाल रंग दिसला. मी विसरूनच गेले होते टेप लाल आहे ते. आईनं हात फिरवला आणि म्हणाली, "न्हाला का?"

नवीन सेल घातले. चाकं फिरतात! तुमची जपानी मोटर खरंच जिवंत आहे. कॅसेट घातली नाही, शपथ.

कॅसेटची बुरशी एका बाजूला जास्त आहे. खिडकीतून बघितलं तर फितीच्या कडेला पीठ लागल्यासारखं दिसतं. आणि ते सुरुवातीलाच आहे, मधुदादाचं बोलणं आहे तिथं.

मोखाड्याच्या मेडिकलमध्ये फक्त सॅनिटायझर आणि जखमेला लावायचं स्पिरिट आहे. त्यावर लिहिलंय की पाणी आहे. घेतलं नाही. तुमच्याकडे तुमचं जुनं असेल तर थोडं पाठवाल का?

आईनं कालपासून फक्त दोन घोट पेज घेतली. तीही झोपेत असताना मी चमच्यानं घातली. जागी झाल्यावर विचारलं, "मधु आला नाय का?" काका, मला भीती वाटते. ती उपाशी राहून मरेल आणि आम्ही दोघं शिकली-सवरलेली माणसं बाजूला बसून असू.

जयू

*

जव्हार
२० ऑगस्ट

चि. जयूस आशीर्वाद.

पेट्रोल हिसकावलंस, शाबास. आणि रोहिदासला सांग, शहाणा म्हटलं ते त्याला नव्हतं. ज्याला म्हटलं तो मेला बिचारा.

सोबत बाटली आहे. मोखाड्याच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतोय, वर्तमानपत्रात गुंडाळून, डब्यात घालून. माळ्यावर सापडली. चिठ्ठी तुझ्या काकूच्या अक्षरातली: 'स्पिरिट. दुकानाचं. हात लावू नये.' हे 'हात लावू नये' माझ्यासाठीच असायचं. बाटलीवर मी निळ्या शाईची रेघ मारलीय, तिथपर्यंत भरलेली आहे. वाटेत गळली तर तुला कळेल.

आता नीट वाच, आणि हे दोनदा वाच. हेडला हात लावायच्या आधी सेटच्या मागचं सेलचं झाकण काढ. त्याच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एक थेंब टाक. घड्याळ लाव. दहा मिनिटं. प्लास्टिक पांढरं पडलं, चिकट झालं, किंवा बोट टेकवल्यावर बोटाचा ठसा उठला, तर ती बाटली तुझ्या कामाची नाही. मग ती कुणीही दिलेली असो, मी पाठवलेली असली तरी. चाळीस वर्षांत एकही सेट मी थेंब टाकल्याशिवाय पुसला नाही.

हेड पुसताना कापूस तपकिरी होईल. घाबरू नकोस, ती जुन्या फितींची धूळ असते. कापूस पांढरा येईपर्यंत पुसत राहा.

कॅसेटची फीत पेन्सिलनं हळूहळू बाहेर घे. बुरशी आधी कोरड्या मलमलीच्या फडक्यानं. निघालीच नाही तर स्पिरिटचा नुसता दमट कापूस, अलगद. मग सावलीत वाळवून परत गुंडाळ. चूल पेटलेली असताना यातलं काहीही करायचं नाही.

धोंडीबाईला सांग, दामू म्हणतो, मधु वाटेत आहे.

दामोदर

*

जव्हार
२७ ऑगस्ट, सकाळ

जयू,

बाटली उघडू नकोस. उघडली असशील तर बूच लाव आणि घराबाहेर ठेव. कशालाही लावू नकोस.

आत्ता आमचा मुलगा ऋषिकेश गणपतीच्या पाटाला रंग द्यायला बसला. माळ्यावर शोधाशोध केली आणि पाटीवर लिहून माझ्यासमोर धरलं: "अण्णा, थिनरची काचेची बाटली कुठं गेली?" मी विचारलं कुठली. त्यानं लिहिलं, "आईच्या चिठ्ठीची. ग्रिल रंगवलं तेव्हा उरलेलं मी त्यात ओतलं होतं."

स्पिरिट करोनात हात पुसण्यात संपलं होतं म्हणे. बाटली रिकामी झाली, चिठ्ठी तशीच राहिली. तिच्या अक्षरावर मी जन्मभर डोळे मिटून चाललो, या वेळीही चाललो.

तू म्हणशील, काका, बूच उघडून वास घेतला नाहीत का? घेतला. मला वास येत नाही, जयू. करोनात गेला तो परत आलाच नाही. घरात कुणाला सांगितलं नाही. कान गेले तेव्हा सगळ्यांनी कीव केली, आता नाकाचीही करवून घ्यायची? आमटी करपली तरी मी 'छान झालीय' म्हणतो. या खोटेपणाचं असं होईल असं वाटलं नव्हतं.

स्वरानं तेवढ्यात तुझा फोन सहा वेळा लावला, लागत नाही. हे पत्र पहिल्या गाडीनं पाठवतोय. तू थेंब टाकून बघितलाच असशील. तुझ्यावर भरवसा आहे. एका ओळीचं उत्तर पाठव, पण लगेच पाठव.

दामोदर

*

पोशेरा
२९ ऑगस्ट

ती. काकांना सा. न.

काळजी करू नका. तुमचं पत्र वेळेवर मिळालं. बाटली मी उघडलीच नव्हती, घरी पाहुणे होते म्हणून काम राहून गेलं होतं. माझ्या शाळेतल्या रविनाचा नवरा नाशिकला जाऊन आला, त्यानं मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून चांगलं स्पिरिट आणलं. त्यानं सगळं केलं. थेंब टाकून, दहा मिनिटं थांबून.

कॅसेट वाजली. आवाज थोडा घोगरा येतो, पण येतो. आईनं ऐकलं. पेजही घेतली.

तुम्ही आता शांतपणे गणपती बसवा. नाकाचं मी कुणाला सांगणार नाही.

जयू

*

जव्हार
२ सप्टेंबर

चि. जयूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी दोन दिवसांनी जेवलो. ममता, माझी सून, पाटीवर लिहून लिहून थकली होती, "अण्णा, काय झालंय ते तरी सांगा." सांगितलं नाही.

धोंडीबाईनं पेज घेतली हे वाचून मी त्या स्टुलावर जाऊन बसलो. गमतीची गोष्ट अशी की मला आता ऋषिकेशचा आवाज आठवत नाही, रोज समोर असतो तरी. पण दुकानात आलेल्या माणसांचे आवाज जसेच्या तसे आहेत.

घोगरा येतो म्हणालीस. रोलर झिजला असेल, त्याला आता इलाज नाही.

एक काम कर. ती बाटली परत पाठव. घरात चूल असते, लहान मुलं येतात-जातात, थिनरचा भरवसा नाही. आणि खरं सांगायचं तर, ती बाटली माझ्या डोळ्यांसमोर आल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दामोदर

*

पोशेरा
१४ सप्टेंबर

ती. काकांना सा. न.

आई ५ तारखेला पहाटे गेली. त्रास झाला नाही. काल नववा झाला. आजपासून पुढचे विधी आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते.

बाटली कंडक्टरकडे दिली आहे. तुम्ही मारलेल्या रेघेपर्यंत आहे, बघून घ्या.

जयू

*

जव्हार
१८ सप्टेंबर

चि. जयू,

धोंडीबाई गेली. काय लिहू? तिच्या हातची नागलीची भाकर मी एकदाच खाल्ली, तुझे वडील बांधून घेऊन आले होते, आणि चुलीचा वास होता तिला. तो वास मला आठवतो. आता येत नसला तरी आठवतो. तुमच्या घरावर हे दिवस आले, मी येऊ शकलो नाही, क्षमा कर. रोहिदासच्या पाठीवर माझा हात समज.

बाटली मिळाली. रेघेला बरोबर टेकलेली आहे, केसभरही कमी नाही. तिथंच मला खटकलं. थिनर बंद बाटलीतूनही थोडं उडतं, आणि या बाटलीचं बूच तर मुळातच सैल होतं.

वास घेऊन उपयोग नव्हता. म्हणून मी जे आयुष्यभर केलं ते केलं. एका जुन्या सेटचं सेलचं झाकण काढलं, आतल्या बाजूला एक थेंब टाकला आणि घड्याळ समोर ठेवलं. थिनर असतं तर झाकण खाल्लं असतं. स्पिरिट असतं तर थेंब उडून गेला असता. दहा मिनिटं झाली, वीस झाली. तुझा थेंब तिथंच गोल बसून होता. बोट लावून जिभेवर ठेवलं.

ते पाणी होतं, पोरी.

मी ओरडणार नाही. ओरडायचा अधिकार माझा नाही, बाटली मी पाठवली. पण मला म्हातारा समजून गोड खोटं देऊ नकोस, ते मी स्वतःलाच पुष्कळ दिलंय. काय झालं ते लिही. सगळं लिही.

दामोदर

*

मोखाडा
२९ सप्टेंबर

ती. काकांना,

लिहायला अकरा दिवस लागले.

तुमची बाटली मिळाली आणि त्यानंतरच्या रविवारी, २५ तारखेला, मी काम केलं. पाहुणे वगैरे कुणी नव्हते. रविनाचा नवरा नाशिकला गेलाच नव्हता. आदल्या दिवशी आईनं पाण्यालाही तोंड फिरवलं होतं. मी चूल विझवली, ओसरीवर पांढरी चादर अंथरली, बूच काढलं. वास आला, काका. शाळेला रंग दिला होता तेव्हाचा वास. एकदा मनात आलं. मग वाटलं, माझं आपलं काहीतरीच, काकांनी पाठवलंय, काकूंचं अक्षर आहे. आमच्याकडे मोठ्यांनी दिलेलं बियाणं कुणी पाण्यात टाकून तपासत नाही. ओंजळीत घेतात आणि पेरतात. मी थेंब टाकला नाही. दहा मिनिटं मला जास्त वाटली.

हेड पुसला. कापूस तपकिरी झाला, तुम्ही लिहिलं होतं तसाच. मग फीत. कोरड्या फडक्यानं बुरशी निघत होती, जवळजवळ सगळी निघाली होती, पण मला एकदम स्वच्छ हवी होती. चार मिनिटांचा आवाज म्हणजे पंचवीस हात फीत भरते, मी मोजली. कापूस दमट करून एकेक हात पुसत गेले. कापूस तपकिरी व्हायला लागला. मी रोहिदासदादाला हाक मारून दाखवलं, "बघ किती घाण निघतेय!" तुम्ही सांगितलं होतं, घाबरू नकोस, पांढरा येईपर्यंत पुसत राहा. ते हेडचं होतं, फितीचं नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी पांढरा येईपर्यंत पुसलं. पंचवीसच्या पंचवीस हात.

मग कॅसेट उचलली तर हाताला चिकटली. सोडवली तेव्हा तिच्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा होता, रेषा-रेषा मोजता येतील असा. मागं वळून फीत बघितली. उन्हात धरली तर आरपार दिसत होतं.

ती घाण नव्हती, काका. तो मधुदादा होता. मी त्याला माझ्या हातानं पुसून काढलं.

तुमचं पत्र दोन दिवसांनी आलं. तुम्ही नाकाचं लिहिलं होतं, मग मी काय लिहिणार होते? एवढ्यासाठी खोटं लिहिलं. बाटली धुऊन पाणी भरलं आणि रेघेला टेकवलं. तुम्ही सांगितलं होतं, मी पाठवली असली तरी थेंब टाकून बघ. तुमची चूक त्या दहा मिनिटांत पकडली गेली असती. ती दहा मिनिटं माझी आहेत, तुमची नाहीत.

आता राहिलेलं. १ तारखेला आईचे डोळे लागायला लागले. रोहिदासदादा मला म्हणाला, मला सगळं पाठ आहे. टेप आईच्या उशाशी ठेवली, नुसती चालू केली, सूंऽ आवाज येत होता. दादा खिडकीबाहेर जाऊन उभा राहिला. पाऊस नव्हता, पण पागोळ्या गळत होत्या. तिथून तो मधुदादासारखा बोलला. "आई, मी मधु. जेवलीस का?" आणि थांबला, तेवढाच.

आईनं डोळे उघडले नाहीत. आम्हाला वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाली, "रोह्या, आत ये. भिजशील."

तो आत आला. तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला. पंचवीस वर्षांत मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. आईनं त्याच्या हातून चार चमचे पेज घेतली. मधुनं विचारलं म्हणून नाही, त्यानं दिली म्हणून. 'पेजही घेतली' हे मी आधी खोटं लिहिलं होतं, ते नंतर एवढं खरं झालं. चौथ्या दिवशी ती गेली.

तो कापूस मी टाकला नव्हता. काड्यापेटीत भरून ठेवला होता. आईच्या अस्थी नदीत सोडल्या तेव्हा दादानं माझ्याकडे बघितलं, मी पेटी उघडली, आणि कापूसही सोडला. भटजींनी विचारलं, हे काय? दादा म्हणाला, "घरातलंच माणूस आहे."

काका, आता एक वेगळीच भीती बसलीय. मी डोळे मिटून मधुदादाचा आवाज आठवायला जाते आणि खिडकीबाहेरचा रोहिदासदादाच ऐकू येतो. तोही गेला आणि हाही चुकीचा. तुम्ही लिहिलं होतं, दुकानातले आवाज तुमच्याकडे जसेच्या तसे आहेत. त्याचा आहे का? असेल तर कसा होता ते लिहाल का? मला लिहून द्या.

जयू

*

जव्हार
३ ऑक्टोबर

चि. जयू,

दोषाची वाटणी करू नकोस. तुझी दहा मिनिटं आणि माझं नाक, दोन्ही ठेव एका फडताळात आणि दार लावून घे. मीही तेच करतोय, जमेल तसं. काल घरात सगळ्यांना पाटीवर लिहून दाखवलं, मला वास येत नाही. ममतानं त्याखाली लिहिलं, आम्हाला करपलेल्या आमटीपासून माहीत आहे.

आता मधु.

बारीक आवाज. वरच्या पट्टीत, अंगापिंडानं थोराड पण आवाज पोराचा. मी रेकॉर्डिंगला सुई बघत होतो, ती निम्म्याच्या पुढे गेली नाही, म्हणून मी खूण केली, मोठ्यानं बोल. त्यानं मान हलवली आणि पुन्हा तसाच बोलला. आईशी मोठ्यानं कसं बोलणार? 'आई' म्हणताना 'ई' लांबवायचा. वाक्याच्या शेवटी आवाज खाली पडायचा नाही, वर जायचा, सगळंच विचारल्यासारखं. स म्हणताना दातांतून बारीक शिट्टी यायची. पुढचा एक दात तुटका होता, आठवतंय? नागलीची भाकर ठाण्यात मिळत नाही म्हणताना हसला. पाणी खारट आहे म्हणताना हसला नाही. रोह्याला मारू नकोस, तो चांगला आहे, असंही बोलला होता. ते रोहिदासला सांग, त्यानं ते पाठ केलंय की नाही कोण जाणे.

मधल्या जागा मी घड्याळावर मोजल्या होत्या, म्हटलं हा थांबतो कशाला. पाच-पाच सेकंद. तेवढ्यात आई उत्तर देते, म्हणाला.

हे पत्र हळू वाच. माझी ओळ संपली की पाच सेकंद थांब, आणि उत्तर दे. मला ऐकू येणार नाही, म्हणून लिहूनही पाठव.

जयू, जेवलीस का?

दामूकाका